रस्त्यावर उतरलेली शेती : अवजड कृषिवाहतूक आणि जबाबदारीचा प्रश्न

शेतीच्या यांत्रिकीकरणाची चर्चा होते तेव्हा ती यंत्राने शेतात केलेल्या कामाभोवती फिरते; ते यंत्र बांधापर्यंत कोणत्या वाटेने येते आणि त्याने काढलेला माल तेथून कसा हलतो, हा विषय मात्र वाहतूक पोलीस, परिवहन कार्यालय आणि चालक यांच्यावर सोपवून अभ्यासक मोकळे होतात. या विभागणीमुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते, ती अशी की ट्रॅक्टर, ट्रॉली, ऊसतोडणी यंत्र किंवा कापणी-मळणी यंत्र यांची रस्त्यावरील धोकादायक अवस्था चालकाच्या बेफिकिरीतून जितकी उद्भवते, त्याहून कितीतरी अधिक ती खेपेची वेळ, वजन आणि दर ठरवणाऱ्या व्यवस्थेतून उद्भवते. ज्याने हे निर्णय घेतले त्याच्याकडे त्यांच्या परिणामांची जबाबदारी जात नाही, आणि जो परिणाम भोगतो त्याच्या हाती निर्णय नसतो. पुणे जिल्ह्याच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांतील ऊसवाहतूक हे या विसंगतीचे ठळक उदाहरण असल्याने तिच्या आधारे हा प्रश्न तपासता येतो.

तळेगाव ढमढेरे हे शिरूर तालुक्यातील मोठे गाव वेळ नदीच्या काठी, शिक्रापूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. गावाच्या वायव्येला काही किलोमीटरवर शिक्रापूरचा चौक असून तेथे पुणे–अहिल्यानगर महामार्ग आणि चाकणकडून येणारा रस्ता एकमेकांना मिळतात. सणसवाडी आणि रांजणगाव येथील औद्योगिक वसाहतींमुळे कंटेनर, मालमोटारी आणि कामगारांच्या दुचाकी यांची वर्दळ येथे अखंड असते. दक्षिणेला भीमा नदी असून तिच्या पलीकडे दौंड तालुका लागतो. चासकमान प्रकल्पाचा कालवा आणि भीमेचे पाणी यांमुळे या पट्ट्यात ऊस स्थिरावला, आणि न्हावऱ्याचा घोडगंगा, जातेगाव बुद्रुकचा व्यंकटेशकृपा, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा, पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर असे सहकारी व खासगी कारखाने भोवती उभे राहिले. गाळप हंगामात, म्हणजे साधारण कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, उसाने शिगोशिग भरलेल्या ट्रॉल्या याच रस्त्यांवरून धावतात. घोडगंगा कारखान्याची चाके अलीकडच्या हंगामांत थांबली, तेव्हा त्याच्या कार्यक्षेत्रातील ऊस अधिक दूरच्या कारखान्यांकडे वळला. कारखाना बंद पडला की ऊस बंद पडत नाही, फक्त त्याचा प्रवास लांबतो, आणि हा लांबलेला प्रवास कोणाच्याही ताळेबंदात स्वतंत्रपणे नोंदला जात नाही.

सार्वजनिक रस्ता हा साखर उद्योगाचा अविभाज्य भाग कसा झाला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या कारखान्याचे स्वतःचे विस्तीर्ण ऊसमळे होते आणि मळ्यांतून कारखान्यापर्यंत ऊस आणण्यासाठी अरुंद रुळांची स्वतःची आगगाडी होती. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात आजही सुमारे ४,००० किलोमीटर लांबीचे, दोन फूट रुंदीचे असे रूळ केवळ उसासाठी वापरात आहेत. या दोन्ही ठिकाणी वाहतुकीचा मार्ग उद्योगाने स्वतः बांधला, स्वतः सांभाळला आणि त्यावरील अपघाताचा हिशेबही त्यालाच द्यावा लागला. प्रवरानगरच्या कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात सुरू केलेला सहकारी नमुना याहून मुळातच वेगळा होता: कारखाना सभासदांचा, जमीन ज्याची त्याची आणि ऊस हजारो लहान तुकड्यांत विखुरलेला. अशा रचनेत रूळ टाकणे शक्यच नव्हते, त्यामुळे बैलगाडी, पुढे रबरी चाकांची टायरगाडी, मग मालमोटार आणि ट्रॅक्टर यांनी सार्वजनिक रस्त्यावरून ऊस वाहिला. सहकाराने लहान शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केले, ही त्याची ऐतिहासिक कामगिरी निर्विवाद आहे. मात्र तिच्याबरोबरच गव्हाणीपर्यंत, म्हणजे जेथे ऊस गाळपासाठी टाकला जातो त्या जागेपर्यंत, जाणारा सगळा मार्ग उद्योगाच्या खर्चातून निघून समाजाच्या खर्चात जमा झाला.

लहान धारणक्षेत्राचा दुसरा परिणाम यंत्रांच्या बाबतीत दिसतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. मोठ्या सलग शेतांच्या प्रदेशात कापणी यंत्र एकदा रानात उतरले की अनेक दिवस तेथेच राबते; येथे मात्र तेच यंत्र काही तासांत एक फड संपवून दुसऱ्या गावाची वाट धरते. यंत्र विकत घेणे एका शेतकऱ्याच्या आवाक्यात नसल्याने ते भाड्याने फिरवले जाते, आणि भाड्याचे अर्थशास्त्र टिकायचे तर त्याला सतत फिरावे लागते. म्हणजे तुकड्यांच्या शेतीत यांत्रिकीकरण जितके वाढेल, तितका यंत्राच्या आयुष्यातील रस्त्यावरचा वाटा वाढत जाईल. गहू-सोयाबीनच्या हंगामात पंजाबातून महाराष्ट्रात येणारी कापणी-मळणी यंत्रे, ज्यांना सर्वत्र हार्वेस्टर म्हटले जाते, याची साक्ष देतात. त्यांच्या पुढच्या पात्याच्या जोडणीची रुंदी बहुधा १४ फूट, म्हणजे सुमारे ४.२७ मीटर असते, तर एकपदरी ग्रामीण रस्त्याचा डांबरी भाग ३.७५ मीटरचा असतो. हे पाते सोडवून मागे लांबीच्या दिशेने ओढले नाही, तर यंत्र अख्खा रस्ता व्यापून दोन्ही साइडपट्ट्यांवरही पसरते. ऊसतोडणी यंत्राचे वजन दहा टनांच्या पुढे जाते, आणि त्यातील साखळी-पट्ट्यावर चालणारे प्रकार डांबरावरून चालवताच येत नसल्याने ते लो-बेड ट्रेलरवर, म्हणजे जमिनीलगत मंच असलेल्या लांब वाहनावर, चढवून न्यावे लागतात.

या वाहतुकीतील धोका नेमका कोठे आहे, हे साध्या गणिताने दाखवता येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी वाहनाची कमाल रुंदी सर्वसाधारणपणे २.६ मीटर ठरवली आहे. पण ट्रॉलीत आडवा-उभा रचलेला ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतो, त्यामुळे कागदावरची रुंदी आणि रस्त्यावरची रुंदी यांत फरक पडतो, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला वाहनाची कड नेमकी कोठे संपते हे अंधारात कळत नाही. दुसरा धोका वेगाच्या तफावतीचा. दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरच्या आसपास चालतो, आणि बिघाड झाला किंवा चाक फुटले की रस्त्यातच उभा राहतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी दुचाकी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. दिव्याच्या खालच्या झोतात मागचा दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली ५० मीटरांवर दिसली असे धरले, तरी धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत जाणाऱ्या दीड सेकंदात सुमारे २५ मीटर संपतात, आणि उरलेल्या २५ मीटरांत कोरड्या रस्त्यावर गाडी कशीबशी थांबते. वेग ताशी ८० असेल किंवा रस्त्यावर पाचट आणि माती सांडलेली असेल, तर ती थांबत नाही. तिसरा धोका वजनाच्या गुणोत्तराचा. दोन-अडीच टनांचा ट्रॅक्टर वीस टनांच्या आसपास ऊस ओढत असतो, ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात, त्यामुळे उतारावर मागचे ओझे ट्रॅक्टरला ढकलते आणि चढावर तेच ओझे त्याचे तोंड उचलते. यांपैकी एकही धोका चालकाच्या सावधपणाने पूर्णपणे नाहीसा होत नाही, कारण तो वाहनाच्या घडणीत आणि भारातच सामावलेला असतो.

एवढे ओझे घेऊन, अशा अवेळी, अशा वाहनातून माणूस रस्त्यावर का उतरतो, याचे उत्तर वाहतुकीच्या करारात सापडते. महाराष्ट्रात ऊसतोडणी आणि वाहतूक कारखाना घडवून आणतो आणि तिचा खर्च शेतकऱ्याला मिळणाऱ्या रास्त व किफायतशीर दरातून, ज्याला सर्वत्र एफआरपी म्हटले जाते, वजा करतो. कारखाना ट्रॅक्टरमालकाशी हंगामापूर्वी करार करतो आणि त्याला उचल देतो. मालक त्यातील मोठा भाग ऊसतोड मजुरांच्या टोळीसाठी मुकादमाला देतो. टोळी आली नाही किंवा मध्येच निघून गेली, तर ते कर्ज मालकाच्या डोक्यावर राहते. त्याची कमाई टनावर आणि अंतरावर मोजली जाते, पण डिझेल, चालकाचा पगार आणि दिवसाची वेळ हे खर्च खेपेमागे पडतात. साहजिकच एका खेपेत जितके टन अधिक बसतील तितका तो फायद्यात राहतो. शिवाय तोडलेल्या उसाचे वजन आणि त्यातील साखर तासागणिक घटत असल्याने फडात भरलेली ट्रॉली सकाळपर्यंत थांबवणे कोणालाच परवडत नाही, आणि कारखान्यात पोहोचल्यावर यार्डात जागा नसली तर नंबर येईपर्यंत ट्रॉल्यांची रांग रस्त्याच्या कडेला लागते. रात्रभर रांगेत जागलेला चालक पहाटे रिकाम्या ट्रॉल्या घेऊन पुन्हा फडाकडे निघतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांवरील झोप ही वैयक्तिक उणीव म्हणून नोंदली जाते, वास्तविक ती वेळापत्रक नसलेल्या यार्डाची निर्मिती असते.

कायद्याची नजरही शेवटच्या माणसावरच थांबते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ट्रॅक्टरची व्याख्या करतो ती स्वतः भार वाहण्यासाठी न बनवलेले वाहन अशी, आणि ट्रेलर, म्हणजे बोलीभाषेतील ट्रॉली, हे ओढले जाणारे वेगळे वाहन मानतो. केंद्रीय नियमांनुसार कृषी ट्रॅक्टर हे परिवहनेतर वाहन आहे, म्हणजे भाड्याने माल वाहण्याच्या धंद्यात नसलेले वाहन. ही वर्गवारी शेतकरी आपल्या रानातून आपल्या खळ्याकडे माल नेतो, या चित्रावर बेतलेली आहे. करारावर, टनाच्या दराने, पाच महिने रात्रंदिवस दुसऱ्याचा ऊस वाहणारा ट्रॅक्टर त्या चित्रात बसत नाही. अपघातानंतर ही फट उघडी पडते आणि वाहन शेतीच्या कामात होते की व्यवसायाच्या, ट्रॉलीचा वेगळा विमा होता की नव्हता, चालकाचा परवाना ट्रॉलीसह चालतो की नाही, अशा वादांत भरपाई अडकते. परवान्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात ट्रॅक्टरचा वैध परवाना ट्रॉली जोडली म्हणून निरर्थक ठरत नाही असा निर्वाळा देऊन पीडितांची वाट सुकर केली, पण त्या वादातही तपासला गेला तो चालकाचा कागद. ओझे कोणी ठरवले, हा प्रश्न अशा खटल्यांच्या चौकटीत सहसा येतच नाही.

वास्तविक कायद्यात या प्रश्नाला जागा आहे. जादा भाराबद्दल शिक्षा सांगणारे कलम १९४ वाहन चालवणाऱ्याबरोबरच ते चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही आपल्या कक्षेत घेते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये अशी तरतूद आहे, तर बाजूला, पुढे-मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेलेल्या भारासाठी स्वतंत्रपणे २०,००० रुपये दंड आहे. महामार्गावर मालमोटार जादा भरलेली आहे हे सिद्ध करायला ती अडवून तोलावी लागते. उसाच्या बाबतीत तेवढ्या खटपटीचीही गरज नाही, कारण प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलली जाते आणि त्या दोन आकड्यांच्या फरकावर शेतकऱ्याचे, वाहतूकदाराचे आणि टोळीचे पैसे ठरतात. ट्रॉलीची मान्य क्षमता नोंदणीपत्रात लिहिलेली असते. म्हणजे कोणत्या खेपेला किती जादा ओझे होते याची अचूक, तारीखवार आणि सर्वांनी मान्य केलेली नोंद हंगामभर तयार होत असते. ज्या पावतीवर बिल निघते तीच पावती नियमभंगाचा पुरावा असते. एखादा व्यवहार इतक्या काटेकोरपणे मोजला जात असताना त्यातील बेकायदेशीर भाग कोणालाच माहीत नाही असे मानणे, हे अज्ञान नसून सोयीची संमती आहे.

ही संमती काढून घेण्याचे साधनही शासनाकडे आहे. १९८४ च्या राज्य आदेशानुसार प्रत्येक कारखान्याला गाळप परवाना घ्यावा लागतो आणि तो पुण्यातील साखर आयुक्तालयाकडून मिळतो. मागील हंगामाची थकीत एफआरपी, विविध निधींची देणी अशा गोष्टींची पूर्तता या परवान्याशी जोडून घेण्याची प्रथा रुळलेली आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घेतले जातात. त्याच परवान्यात वाहतुकीच्या अटी घालता येतील: करारातील प्रत्येक ट्रॉलीला चालू मागचा दिवा, परावर्तक पट्ट्या आणि ब्रेक असावेत, मान्य क्षमतेपलीकडच्या वजनावर वाहतूक दर दिला जाऊ नये, म्हणजे जादा ओझ्याचा मोह मुळातच सुटेल, आणि नंबर देण्याची पद्धत वेळेनुसार असावी, म्हणजे यार्डात जागा झाल्याशिवाय फडातून ट्रॉली निघणार नाही. हंगामाच्या सुरुवातीला परिवहन विभाग आणि पोलीस कारखान्यांत जाऊन ट्रॉल्यांना परावर्तक चिकटवतात, हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु चिखलाने झाकलेला किंवा उसाच्या टोकांनी लपलेला परावर्तक डिसेंबरात कोणी पुसावा, हे त्यातून ठरत नाही. अट परवान्यात गेली की ते आपोआप ठरेल.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की हा सगळा भार अखेर शेतकऱ्याच्याच दरातून वजा होईल. आक्षेप गंभीर आहे, म्हणून तो आकड्यांत तपासला पाहिजे. एका जोड-ट्रॉलीने दिवसाला एक खेप याप्रमाणे १०० दिवसांत प्रत्येकी २० टन ऊस वाहिला, तर हंगामात २,००० टन होतात. तिच्या दिव्यांवर, पट्ट्यांवर आणि देखभालीवर वर्षाला १०,००० रुपये खर्च झाला असे गृहीत धरले, तरी तो टनामागे ५ रुपये पडतो. भार कमी केल्याने खेपा वाढतील आणि खरा खर्च तेथे येईल, हे मान्य करावे लागते. परंतु २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरलेली असताना हा खर्च टाळणे म्हणजे तो नाहीसा करणे नव्हे. आजही तो भरला जातोच, फक्त कामावरून परतणाऱ्या दुचाकीस्वाराच्या, ट्रॉलीवर झोपलेल्या मजुराच्या आणि कर्जबाजारी ट्रॅक्टरमालकाच्या घरातून. वाहतूक खर्च सर्व सभासदांवर सरासरीने वाटण्याची पद्धत आधीच आहे. सुरक्षिततेचा खर्च त्याच पद्धतीने वाटला, तर तो एका घरावर कोसळण्याऐवजी हजारो टनांवर पसरेल, आणि सहकाराच्या मूळ तत्त्वाशी हेच अधिक सुसंगत आहे.

दुसरा आक्षेप चालकाच्या वर्तनाचा आहे. कर्कश गाणी लावून, मागचा भोंगा ऐकू न येता ट्रॅक्टर हाकणारे चालक आहेत, आणि त्यांना दंड झालाच पाहिजे. परंतु शिस्तीचा उपाय एकट्याने वापरला की तो भलत्या दिशेने काम करतो. दिवसा महामार्गावर ऊसवाहतुकीला बंदी घातली की कोंडी सुटल्याचे दिसते, पण तीच वाहतूक रात्री, जेव्हा दिसणे सर्वांत अवघड असते तेव्हा, वळवली जाते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या आरंभी संथ वाहनांसाठी लाल कडेचा नारिंगी त्रिकोण तयार झाला, तो चालकांना उपदेश करून भागत नाही हे ओळखूनच: मागून येणाऱ्याला लांबूनच, एका नजरेत, पुढचे वाहन संथ आहे हे कळावे, आणि त्यासाठी कोणाच्याही सद्वर्तनावर अवलंबून राहावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता.

ऊसतोड मजुरांची टंचाई वाढत असल्याने हा प्रश्न आता नव्या टप्प्यावर आला आहे. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून ऊसतोडणी यंत्राच्या खरेदीला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढे अनुदान राज्यात देण्यात आले. अनुदानाचे निकष यंत्राची किंमत पाहतात, त्याचा रस्ता पाहत नाहीत. या यंत्राबरोबर उसाचे तुकडे झेलून बांधापर्यंत आणणाऱ्या इनफिल्डर नावाच्या उंच जाळीदार ट्रॉल्याही फिरतात, त्यामुळे एका यंत्राचा मुक्काम हलतो तेव्हा खरे तर एक तांडाच हलतो. वीजवाहिन्यांच्या बाबतीत नियम असे सांगतो की रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार किमान ५.८ मीटर आणि ३३ हजार व्होल्टपर्यंतची उच्च दाबाची तार ६.१ मीटर उंच असावी. पण लो-बेडवर चढवलेल्या यंत्राचा उसाचे तुकडे वर नेणारा पट्टा पूर्ण दुमडलेला नसेल किंवा खांब वाकून तार झोळ खात असेल, तर हे अंतर पुरत नाही. म्हणून मुक्काम हलवणे दिवसाउजेडी व्हावे, पुढे-मागे सूचना देणारे वाहन असावे, पाती आणि पट्टे दुमडून बांधलेले असावेत, आणि त्या भागातील मार्ग महावितरण व ग्रामपंचायतींसह हंगामापूर्वी पाहून ठेवावा, या अटी अनुदानाच्या मंजुरीपत्रातच घालायला हव्यात. तीन-पावणेचार मीटरच्या रस्त्यांवर ठरावीक अंतराने वाहन बाजूला घेण्याची जागा करणे, हे काम सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेचे. मात्र त्यासाठीच्या निधीत ज्या उद्योगाचा माल या रस्त्यांवरून जातो त्याचा वाटा मागणे अवाजवी ठरणार नाही.

यांत्रिकीकरणाने एक बदल अटळपणे होणार आहे. आज ट्रॅक्टरमालक, टोळी आणि शेतकरी बहुधा एकमेकांना ओळखतात, एखाद्या दुर्घटनेनंतर गाव मध्यस्थी करते आणि जबाबदारीची पोकळी ओळखीने कशीबशी भरून निघते. यंत्र मोठे, भांडवल मोठे आणि मालक दूरचा झाला की ही ओळख संपेल, आणि निर्णय घेणारा व परिणाम भोगणारा यांच्यातील अंतर आणखी वाढेल. तेव्हा लेखी, मोजता येणारी आणि परवान्याला बांधलेली जबाबदारी एवढाच आधार उरेल. तळेगाव ढमढेऱ्याच्या रस्त्यावरून जाणारी प्रत्येक खेप कोणाच्या तरी फडातून निघते, कोणाच्या तरी करारावर धावते आणि कोणाच्या तरी काट्यावर तोलली जाते. या तिन्ही ठिकाणी नावे, आकडे आणि सह्या उपलब्ध आहेत. अपघातानंतर केवळ चौथ्या, स्टिअरिंगवरच्या माणसाचेच नाव शोधले जाणे ही पुराव्याची अडचण नाही, तो धोरणाने केलेला निवड-निर्णय आहे, आणि येत्या कोणत्याही हंगामाच्या परवान्यात काही अटी लिहून तो बदलता येण्याजोगा आहे.